तागडी की ताणकाटा? वस्तुमान आणि वजनाचा घोळ

"माझं वजन ६० किलो" हे बोलताना ठीक, पण भौतिकशास्त्राच्या पेपरात गुण जातात. किलो हे वस्तुमानाचं, म्हणजे वस्तूत किती द्रव्य आहे त्याचं, एकक. वजन म्हणजे पृथ्वी आपल्याला खाली ओढते ते बल, आणि ते न्यूटन या एककात मोजतात. वस्तुमानाला पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाने (९.८) गुणायचं: ६० × ९.८ = ५८८ न्यूटन.

व्याख्या पाठ करण्यापेक्षा दोन काटे डोळ्यांसमोर आणा. भाजीवाल्याच्या तागडीत एका पारड्यात वांगी, दुसऱ्यात किलोचं माप. चंद्रावर गुरुत्वाकर्षण साधारण सहापट कमी, पण ते दोन्ही पारड्यांसाठी सारखंच कमी होतं. त्यामुळे तागडी तिथेही एक किलोच दाखवेल. ताणकाट्याचं तसं नाही. त्यातली स्प्रिंग ओढीनुसार ताणली जाते, म्हणून तीच वांगी तिथे जेमतेम १६५ ग्रॅम भरतील! चंद्र तरी कशाला, विषुववृत्तावर अचूक जुळवलेला ताणकाटा ध्रुवावर नेला तरी किलोमागे सुमारे ५ ग्रॅम जास्त दाखवतो.

म्हणजे तागडी वस्तुमानांची तुलना करते आणि ताणकाटा वजन मोजतो. दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा? तोही बलच मोजतो, फक्त आकडा किलोत दाखवतो.