चाळीस मिनिटांचा तास आणि न सुकणारा डिंक: हस्तकलेच्या साहित्याचा आठ महिन्यांचा अनुभव

सत्र सुरू झालं तेव्हा माझ्याकडे कल्पनांची एक अख्खी वही होती. कापसाची मेंढी, पुठ्ठ्याचा किल्ला, बाटलीच्या झाकणांचं कासव, काय काय. परवा ती वही पुन्हा चाळली तर निम्म्याहून जास्त पानांवर मीच पेन्सिलीने एक शब्द खरडलेला सापडला: 'ओलं'. म्हणजे घंटा झाली तेव्हा वस्तू ओली होती. मुलांनी ती तशीच उचलली, मेंढीचा कापूस दप्तराला लागला आणि मेंढी वर्गातच राहिली.

दुसरी आणि चौथी असे दोन वर्ग माझ्याकडे आहेत. पस्तीसेक मुलं, आठवड्यातून दोन तास, तास चाळीस मिनिटांचा. साहित्य वाटायला पाच मिनिटं, आवरायला आठ. हातात उरतात सत्तावीस. आठ महिन्यांत मी जे काही वापरलं ते या सत्तावीस मिनिटांच्या मापाने मोजलंय, त्यामुळे घरी निवांत एका मुलाबरोबर बसणाऱ्यांना माझी मतं थोडी कडक वाटतील.

आधी तयार किटबद्दल. पहिले दोन महिने आम्ही तेच वापरलं. डब्यात कापलेले तुकडे, डोळे, चिकट फोम, आणि झाकणावर तयार घुबडाचा फोटो. हिशेब सोपा वाटला: कापायचं नाही, डिंक नाही, पसारा नाही. प्रत्यक्षात फोमच्या मागचा कागद दुसरीतल्या मुलांच्या नखांना सुटेना. "बाई, माझं निघत नाहीये" असं म्हणत रांग लागली आणि अर्धा तास मी फक्त कागद सोलत उभी. ज्यांचं निघालं त्यांचं घुबड बारा मिनिटांत तयार, पुढे काय हा प्रश्न. शिवाय भिंतीवर लावल्यावर कुठलं कोणाचं हे मुलांनाही ओळखता येईना. एकाने आपलं म्हणून दुसऱ्याचं घरी नेलं आणि दोघांनाही फरक पडला नाही. किटमधले हलणारे डोळे मात्र उत्तम. ते मी काढून बरणीत भरून ठेवलेत.

मग सगळं सुटं साहित्य आणलं. त्यात सर्वात जास्त शिकवलं कात्रीने.

मुलांना कापता येत नाही असं आपण सहज म्हणतो. पहिल्या महिन्यात मीही म्हणायचे. दुसरीत एक मुलगी होती, चित्रं सुरेख काढायची, पण कापलं की कड उंदराने कुरतडल्यासारखी. कागद कापला न जाता दोन पात्यांमध्ये दुमडायचा. मी तिला सावकाश काप, नीट धर, असं दहा वेळा सांगितलं. ती डावखुरी आहे हे माझ्या लक्षात होतं, पण कात्रीच्या पाकिटावर 'दोन्ही हातांसाठी' लिहिलेलं असल्यामुळे तो विषय मी मनातून काढून टाकला होता.

चूक तिथेच होती. दोन्ही हातांना सारखी बसते ती फक्त मूठ. पाती उजव्या हाताचीच असतात. उजव्या हाताने कात्री दाबताना अंगठा आणि बोटं नकळत पात्यांना एकमेकांवर रेटतात, म्हणून कागद कातरला जातो. तीच कात्री डाव्या हातात गेली की तोच जोर पात्यांना एकमेकांपासून दूर लोटतो. वर येणारं पातं नेमकं रेघेवर येतं, त्यामुळे कुठे कापतोय तेच दिसत नाही. खऱ्या डावखुऱ्या कात्रीत पातीच उलटी बसवलेली असतात: डावं पातं वर. दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो, म्हणजे पस्तीसच्या वर्गात तीन-चार मुलं आपण 'हाताला वळण नाही' या सदरात टाकून मोकळे होतो. अशा चार कात्र्या मागवल्या, मुठीला पिवळी पट्टी गुंडाळली. त्या मुलीने पहिल्याच तासाला गोगलगाय कापली, न थांबता, आणि कात्री उघडमीट करून बघत बसली. मी तिला काही बोलले नाही. बोलण्यासारखं तोंड नव्हतं माझं.

बाकीच्यांसाठी दोनच नियम टिकले. अंगठा वर, आभाळाकडे. आणि कात्री जागेवर, कागद फिरतो. दुसरा नियम मुलांना गंमतीचा वाटतो, पण गोल कापणं त्याशिवाय येत नाही. आधी पट्टीच्या कडेला नुसते एकेक छेद देऊन झालर करायची, मग सरळ रेघ, मग गोल गोल आत जाणारी गोगलगाय. या क्रमाला मला सहा तास लागले. सहा तास 'काहीच बनवलं नाही' म्हणून मनात चुटपुट होती, ती पुढे गेली. एक बारीक गोष्ट: पात्यांवर डिंक चिकटला की चांगली कात्रीही कागद चावते. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून, खिळ्यापाशी तेलाचा थेंब.

आता डिंक. बाटलीतला पांढरा डिंक म्हणजे पाण्यात मिसळलेले पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे बारीक कण. पाणी निघून गेलं की कण एकमेकांत मिसळतात, थर पारदर्शक होतो आणि पकड येते. मुलांना मी एवढंच सांगते: पांढरं दिसतंय तोवर हात लावायचा नाही. पण खरी मेख 'पाणी निघून गेलं की' या शब्दांत आहे. ते जाणार कुठे? कागदात मुरणार नाहीतर हवेत उडणार. गुळगुळीत चकचकीत खोक्यावर प्लॅस्टिकचं झाकण चिकटवायला घेतलं तर दोन्ही बाजूंनी वाट बंद. आमचा पूर्ण 'रोबो' प्रकल्प याच कारणाने कोसळला. शुक्रवारी चिकटवलेले कान सोमवारी उचलले तर आत डिंक तसाच पांढरा. त्यानंतर खोक्याची चकचकीत बाजू आत आणि खरखरीत बाजू बाहेर असं उलटून वापरायला लागलो. ते जमण्यासारखं नसेल तर पॉलिश पेपरने घासून घ्यायचं.

दुसरा त्रास प्रमाणाचा. बाटली हातात दिली की मुलं ती पिळतात, त्यात मुलांचा दोष नाही, पिळण्यासाठीच ती बनवलीय. मी बाटल्या काढून घेतल्या. चार मुलांत एक झाकणभर डिंक आणि आखूड केसांचे जुने ब्रश. टिकलीएवढा ठिपका पुरतो हे वाक्य वर्षभरात किती वेळा म्हटलं असेल देव जाणे.

कागदावर कागद लावायचा असेल तर मी आता फक्त ग्लू स्टिक देते. हेंकेल या जर्मन कंपनीने 1969 मध्ये प्रिट नावाने ती बाजारात आणली. फिरवून वर येणाऱ्या लिपस्टिकवरून ती सुचली म्हणे. पाणी कमी, कागद फुगत नाही, मिनिटाभरात पकड. पुठ्ठ्याला ती उपयोगाची नाही. आणि टोपण. टोपण हरवलेली ग्लू स्टिक आठवड्यात खडूसारखी होते. आमच्या चाळीसपैकी सव्वीस अशाच गेल्या. आता तास संपताना टोपणांचा 'टक' आवाज एकदम यायला हवा, असा खेळ ठेवलाय. आवाज पुढेमागे आला तर पुन्हा.

कागदाबद्दल लिहायला बसले तर थांबणार नाही, म्हणून फक्त दोन गोष्टी. ए-फोर कागद 210 बाय 297 मिलिमीटरचा. घडीकामासाठी त्याचा चौरस केला की 87 मिलिमीटरची पट्टी उरते. ती पूर्वी कचऱ्यात जायची, आता झालरीला, विणकामाला आणि कात्रीच्या सरावाला जाते. अख्खा वर्ग घडी घालून झाला की पस्तीस पट्ट्या फुकट जमा. दुसरी गोष्ट म्हणजे कागदाचा कल. कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेने लागतात. त्या दिशेने फाडलं तर सरळ फाटतो, घडीही स्वच्छ पडते. आडव्या दिशेने जाड कार्डशीट दुमडलं तर घडीवर तडा जातो. चौथीतल्या मुलांनी हे स्वतः शोधलं. एकाच वर्तमानपत्राची पट्टी उभी फाडली तर सरळ, आडवी फाडली तर नागमोडी. त्यावर जो गलका झाला तो कुठल्याही किटने झाला नव्हता. जाड कागदाला आता आधी रिकाम्या रिफिलने पट्टी धरून रेघ दाबून घेतो, मग घडी.

घडीकाम वर्गात नवं नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने 1840 मध्ये आपल्या बालशाळेला किंडरगार्टन हे नाव दिलं, आणि त्याच्या पद्धतीत कागदाच्या घड्या आणि पट्ट्यांचं विणकाम होतंच. चौथीला मी आकृत्या वाचायला शिकवलं. तुटक रेघ म्हणजे दरी, म्हणजे आत दुमडायची घडी, रेघ-टिंब म्हणजे डोंगर, मागे दुमडायची. ही खुणांची भाषा मुळात जपानचे ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा यांची. पाच-सहा मुलांना ती इतकी आवडली की ती आता एकमेकांना चिठ्ठ्या त्याच खुणांनी लिहितात. उरलेल्यांना आकृती बघून काही कळत नाही, त्यांना शेजारी बसून हाताने दाखवावंच लागतं. दोन्ही ठीक.

रंगात माझं मत बदललं. पोस्टर कलरवर माझा जीव, पण चाळीस मिनिटांत ते जमत नाहीत. पाणी सांडतं, कागद गुंडाळतो, आणि लाल, पिवळा, निळा एकाच भांड्यात फिरले की सगळ्यांचा शेवट त्याच मातकट तपकिरीत. सुकवायला दोरी बांधली, चिमटे लावले, तरी पुढच्या वर्गाच्या डोक्यावर थेंब. महिन्यातून एकदा, जोडतास असेल तरच काढते. एरवी ऑइल पेस्टल. 1925 मध्ये जपानमध्ये मुलांसाठीच तयार झालेला हा प्रकार. मुळात तो सुकतच नाही, म्हणून सुकायची वाट बघायचा प्रश्न नाही! हात मात्र बरबटतात आणि शेजारच्या चित्राला लागतात, मध्ये कोरा कागद ठेवावा. पांढऱ्या पेस्टलने गुपचूप चित्र काढून वरून पातळ निळं पाणी फिरवायचं, मेणकट रेघेवर पाणी थांबत नाही, चित्र उमटतं. दुसरीला हे चार वेळा केलं. पाचव्यांदाही मागतायत.

हवेत सुकणारी माती. हिच्यावर माझा राग आहे, पण अर्धा स्वतःवर. सगळ्यांनी हत्ती केले, दोन दिवसांनी हत्ती बसलेले, पाय बाजूला. पाणी उडून जाताना माती आक्रसते. बारीक पाय आधी सुकून आक्रसतात, जाड पोट मागून, आणि जोडावर भेग पडते. नुसतं टेकवून दाबलेलं टिकत नाही. दोन्ही बाजू काडीने खरवडून, पातळ चिखल लावून जोडायला हवं. किंवा, जे आता करते, पाय जोडायचेच नाहीत: गोळ्यातूनच ओढून काढायचे. मग कासव, बेडूक, पक्षी असे बसके प्राणीच होतात. चालतंय.

चमकीला माझ्या वर्गात बंदी. युरोपियन युनियनने 2023 मध्ये प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीवर निर्बंध आणले ते सूक्ष्म प्लॅस्टिकच्या कारणासाठी. माझं कारण इतकं थोर नाही. जूनमधली चमकी अजून माझ्या हजेरीपटात आहे.

या सगळ्यातून हळूहळू एक सवय लागली. कुठलीही नवी कल्पना आली की पहिला प्रश्न: हे डिंकाशिवाय उभं राहील का? आश्चर्य म्हणजे पुष्कळ काही राहतं. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांना निम्म्या उंचीपर्यंत खाच पाडायची, एकाला वरून, एकाला खालून, आणि एकमेकांत बसवायचं. खाच पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच हवी. अरुंद झाली तर पुठ्ठा वाकतो, रुंद झाली तर सगळं डुलतं. घरी एक संध्याकाळ घालवून मी नमुन्याचं झाड केलं, पण वर्गात नेलं नाही. पूर्वी नमुना फळ्यावर लावायचे, आणि चौथीतली निम्मी मुलं त्याकडे बघून "मला नाही जमणार" म्हणत हात आखडायची. यावेळी फक्त खाच दाखवली. दोन तुकडे, एक 'क्रॉस', बस.

सत्तावीस मिनिटांत काय काय झालं: झाडं, जिराफ, एक दुमजली घर ज्याला जिना नव्हता, आणि एका मुलाने नुसते अकरा तुकडे एकमेकांत अडकवून "हे काय आहे ते मला अजून माहीत नाही" असं सांगितलं. पुढच्या तासाला त्याने ते सोडवलं आणि त्याच तुकड्यांचं जहाज केलं. चिकटवलेलं असतं तर सोडवता आलं नसतं हे मला तेव्हा सुचलं. घंटा झाली तेव्हा सगळं कोरडं. दप्तरात सपाट होऊन घरी गेलं.

कोणी विचारलंच तर माझी यादी अशी: गोल टोकाच्या कात्र्या आणि त्यात निदान चार खऱ्या डावखुऱ्या, ग्लू स्टिक वर्गसंख्येपेक्षा थोड्या जास्त, बारा रंगांचे ऑइल पेस्टल पुरतात, चोवीसच्या डब्यातले अर्धे हात न लागता राहतात, आणि पुठ्ठा घरोघरून. पांढरा डिंक एकच मोठी बाटली, कपाटात, किल्ली बाईंकडे.

किटची नऊ घुबडं अजून त्याच कपाटात पडून आहेत. बदली तासाला कोणी आलं तर खुशाल वापरावीत. फक्त मागचा कागद आदल्या दिवशीच अर्धा सोलून ठेवावा.