आमचा रहिवासी संघ: तक्रार वहीला पैकीच्या पैकी, मतदानाच्या नियमाला नाही

आमच्या वस्तीच्या रहिवासी संघाला मी पाचपैकी चार तारे देते. पाचवा का राखून ठेवला ते खाली येईलच. घर बघायला येणारे लोक नळ सोडून बघतात, खिडक्या उघडून बघतात, पण वस्तीची गाऱ्हाणी कोण ऐकतं आणि ऐकल्यावर पुढे काय होतं, हे क्वचितच विचारतात. माझ्या मते ते नळाच्याही आधी विचारावं. मी भाडेकरू आहे आणि प्रयोगशाळेत रात्रपाळी करते. म्हणजे वस्ती झोपलेली असते तेव्हा मी तिच्या रस्त्यांवरून चालते आणि वस्ती जागी असते तेव्हा मी झोपते. दिवे आणि आवाज या दोन गोष्टींवर माझं बारीक लक्ष असतं ते त्यामुळे.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखरच चांगलं आहे. संघाच्या कार्यालयात एक तक्रार वही आहे. जाडजूड, रेघा आखलेली, पानांवर क्रमांक छापलेली. तारीख, नेमकी जागा, काय होतंय, कोणाकडे पाठवलं, पुन्हा कधी विचारायचं, असे रकाने आहेत. शेवटचा रकाना ‘निवारण झाले’ असा आहे आणि त्यात सही करतो तक्रारदार. सचिव नाही, कार्यकारिणीतला कोणी नाही. ज्याने तक्रार केली त्यानेच ‘झालं’ म्हटल्याशिवाय ती तक्रार बंद होत नाही. मी याआधी राहिले त्या ठिकाणी उलट होतं. काम करणाराच काम झाल्याचं लिहायचा आणि आपण पुन्हा गेलो की ‘ती तर बंद झाली’ असं उत्तर मिळायचं.

या एका सहीने किती फरक पडतो, हे रस्त्यावरच्या एका चेंबरच्या झाकणावरून सांगता येईल. त्यावरून जड गाडी गेली की धाडकन आवाज व्हायचा. माणसं आली, झाकणाभोवती सिमेंट भरून गेली. दिसायला काम चोख झालं होतं. पण समोरच्या घरातल्या आजींनी सही करायला नकार दिला, कारण रात्री आवाज तसाच येत होता. सचिवकाका स्वतः जाऊन उभे राहिले तेव्हा लक्षात आलं की दोष भोवतालच्या सिमेंटमध्ये नव्हताच. झाकण ज्या चौकटीत बसतं तिची कड झिजली होती आणि झाकण एका कोपऱ्यावर डुलत होतं. चौकट बदलली, आवाज थांबला, आजींनी सही केली. कोणाला यात चिकित्सकपणा वाटेल. मला वाटतं, रात्री दचकून जागं होणाऱ्या माणसाच्या शब्दाला इथे वजन आहे.

वहीचा दुसरा उपयोग मला फार आवडतो. व्हॉट्सॲपच्या गटावर तक्रार टाकली की चार जण अंगठा दाखवतात, दहा जण आपापली गाऱ्हाणी जोडतात आणि संध्याकाळपर्यंत मूळ गोष्ट शुभेच्छांखाली गाडली जाते. वहीत तसं होत नाही. वळणाजवळ एका घराने दुर्गंधीची तक्रार लिहिली होती. पुढे कधीतरी दुसऱ्या घराने कुंपणाची भिंत ओलसर झाल्याचं लिहिलं. मग तिसऱ्याने रस्ता खचल्याचं लिहिलं. तिघांना एकमेकांचं काही माहीत नव्हतं. सचिवकाका मागची पानं चाळत बसले होते आणि तिन्ही तक्रारींची जागा एकच असल्याचं त्यांना दिसलं. जमिनीखाली नळी फुटली होती. गळणारं पाणी भरावातली बारीक माती वाहून नेतं, आत पोकळी होते आणि वरचा डांबराचा थर काही काळ नुसता आधाराविना तग धरतो. तिन्ही तक्रारी सुट्या सुट्या सोडवल्या असत्या, तर एकाने औषध शिंपडलं असतं, दुसऱ्याने भिंत रंगवली असती आणि तिसऱ्याने खड्डा बुजवला असता.

आता दिव्यांबद्दल. मुख्य रस्त्यावरून आत वळलं की एक अंधारा पट्टा होता. तिथे एक मोठा झगझगीत फोकस लावावा, असं कार्यकारिणीतल्या बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. मी पत्र लिहून विरोध केला. डोळ्यांना उजेडातून अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. प्रखर दिव्याखालून चालत गेलं की पुढच्या चार पावलांवर उभा असलेला माणूससुद्धा दिसत नाही. शिवाय समोरून डोळ्यांत दिवा येत असेल, तर समोरच्याचा चेहरा काळा दिसतो. एकट्या बाईला रस्त्यावर हवा असतो सारखा पसरलेला उजेड, ज्यात माणसाचा चेहरा लांबून ओळखू येईल. पत्र सभेत वाचलं गेलं आणि सचिवकाका, मी आणि आणखी दोघं रात्री तो पट्टा चालून आलो. तेव्हा दिसलं की दिव्यांचे खांब पुरेसे होते, पण दोन दिवे झाडाच्या फांद्यांत पूर्ण बुडाले होते. उजेड पानांवर पडत होता, रस्त्यावर नव्हता. दिव्यापुढच्या तेवढ्याच फांद्या परवानगी घेऊन छाटल्या, दिव्यांची तोंडं खाली वळवली. झाड वाचलं, फोकस टळला. माझ्यासाठी या संघाची ही सर्वांत मोठी कामगिरी आहे आणि त्यासाठी मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

डासांच्या बाबतीतही संघाने शहाणपणा दाखवला, पण तो बऱ्याच वादावादीनंतर. लोकांना धूर फवारणी आवडते. धूर दिसतो, वास येतो, काहीतरी होतंय असं वाटतं. पण धुराने त्या वेळी उडत असलेले डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि थोड्या दिवसांत नवी पिढी बाहेर पडते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, थोड्याशा साचलेल्या पाण्यात वाढतो आणि उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण डास व्हायला त्याला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पाणी ओतायचं ते या हिशेबाने. नुसतं ओतूनही भागत नाही. याची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून भांडं घासायला हवं. हे मी प्रयोगशाळेत काम करते म्हणून मला ठाऊक होतं, पण वस्तीत घरोघरी समजावून सांगितलं ते संघाच्या दोन स्वयंसेविकांनी. कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीवर टाकून दिलेलं टायर, टाकीचं अर्धवट बसलेलं झाकण, अशा जागा त्यांनी लोकांना हात धरून दाखवल्या.

एडिस आपल्या जन्मठिकाणापासून फार लांब उडत नाही, बहुधा काहीशे मीटरच्या आतच राहतो. याचा अर्थ आपल्याला चावणारा डास बहुतेक वेळा शेजारच्याच एखाद्या गच्चीवर जन्मलेला असतो. मी माझं घर कितीही कोरडं ठेवलं तरी समोरच्या बंद घराच्या गच्चीतलं टायर मला आजारी पाडू शकतं. रहिवासी संघ कशासाठी हवा, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. बंद घरांच्या मालकांना शोधून, त्यांची लेखी परवानगी घेऊन गच्च्या साफ करून घेण्याचं चिकाटीचं काम संघाने केलं. एकट्या माणसाला ते जमलंच नसतं.

आवाजाचं प्रकरण अर्धंच सुटलं आहे. एका इमारतीचा जनरेटर शेजारच्या इमारतीतल्या झोपायच्या खोल्यांच्या अगदी खाली होता. तो मोकळ्या कोपऱ्यात हलवावा, असा प्रस्ताव आला तेव्हा ‘चार पावलं हलवून काय होणार’ असा सूर होता. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. आणि डेसिबलची मोजणी सरळ चढत नाही, दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. त्यामुळे जवळच्या यंत्राला थोडं लांब नेण्याचा फायदा दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. जनरेटर हलला. पण घरांमधल्या तोडफोडीच्या वेळा अजून ठरलेल्या नाहीत. दुपारची शांतता म्हणजे मुलांची आणि म्हाताऱ्यांची विश्रांती एवढंच गृहीत धरलं जातं. दिवसा झोपणारी परिचारिका, पहारेकरी, चालक, माझ्यासारखी तंत्रज्ञ, यांचा विचार कोणी करत नाही. सकाळी दहाला भिंतीत ड्रिल घुसलं की ती आमची मध्यरात्र असते.

आणि आता राखून ठेवलेला तारा. भाडेकरूला तक्रार करता येते, पण मत देता येत नाही. सभेला बसता येतं, बोलता येतं, हात वर करता येत नाही. वर्गणी मात्र मालकामार्फत आमच्याकडूनच जाते. इमारतीच्या मालकीचे किंवा मोठ्या दुरुस्तीच्या खर्चाचे निर्णय मालकांनी घ्यावेत, हे मला मान्य आहे. पण कचरा कधी उचलायचा, फाटक किती वाजता बंद करायचं, तोडफोड कोणत्या वेळेत चालू द्यायची, हे सगळं इथे प्रत्यक्ष राहणाऱ्या माणसाचं जगणं आहे. दुसऱ्या शहरात राहणारा मालक फाटकाच्या वेळेवर मत देतो आणि त्या फाटकातून रोज जाणारी मी देऊ शकत नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. लोकांनी मिळून सांभाळलेली जंगलं, कुरणं, पाटाचं पाणी यांचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. अशा सामायिक गोष्टी काही ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नीट का चालतात, याची जी वैशिष्ट्यं त्यांना आढळली, त्यांत एक असं आहे की नियम ज्यांना लागू होतात त्यांतल्या बहुतेकांना ते बदलण्यात भाग घेता येतो. दुसरं असं की नियम मोडणाऱ्याला शिक्षा एकदम मोठी होत नाही, ती पायरीपायरीने वाढते. दुसरी गोष्ट आमचा संघ न सांगता पाळतो. चुकीच्या जागी गाडी लावणाऱ्याला आधी कोणीतरी घरी जाऊन भेटतं, मग चिठ्ठी जाते, त्यानंतरच विषय सभेपुढे येतो. त्यामुळे शेजारी एकमेकांशी बोलायचे थांबत नाहीत. पहिल्या गोष्टीत मात्र आम्ही कमी पडतो.

दोन लहान गोष्टी. सभा नेहमी सकाळी असते, पाळीवरून आलेल्यांना आणि कामावर निघालेल्यांना ती जमत नाही, मग गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि पुढच्या सभेत मोजकी तीच माणसं निर्णय घेतात. वेळ आलटून पालटून ठेवली तरी पुष्कळ फरक पडेल. दुसरं, फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण कोण बघू शकतं आणि किती दिवस ठेवलं जातं, हे कुठेही लिहिलेलं नाही. मी कधी येते, कधी जाते, हे त्यात दिसतं. त्याचा नियम लेखी हवा.

नव्याने राहायला येणाऱ्यांना माझं सांगणं असं: तक्रार गटावर टाकू नका, कार्यालयात जाऊन वहीत लिहा. ‘रस्त्यावर अंधार आहे’ असं मोघम लिहू नका, खांबाचा क्रमांक, वेळ आणि दिवा बंद आहे की झाडात लपला आहे, हे लिहा. पोच मागा, ते आनंदाने देतात. काम झाल्यावर स्वतः जाऊन बघा आणि समाधान झालं नसेल तर सही करू नका. कोणी रागावत नाही. सचिवकाका तर उलट खुर्ची सरकवून ‘बसा, काय राहिलं ते नीट सांगा’ म्हणतात. भाडेकरू असलात तरी सभेला या आणि बोला, कारण तुमचं म्हणणं इतिवृत्तात नावासकट लिहिलं जातं.

दैनंदिन व्यवहाराच्या विषयांवर भाडेकरूंना मत असावं, असं पत्र आम्ही काही जणांनी सह्या करून दिलं आहे. अध्यक्षांचा त्याला विरोध आहे, पण विषय वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे. ठराव मंजूर झाला की हा अभिप्राय मी बदलेन.