पंपवालं इम्प्लांट सांगितलं आणि साधं बसवलं, ४,८५,००० गेले

हे लिहू की नको यात चार महिने गेले. सख्ख्या भावाला पण सांगितलेलं नाही मी. पण परवा तपासणीला गेलो तर माझ्याच वयाचा एक माणूस बाकावर शेजारी बसलेला, हातात त्याच क्लिनिकचा कागद, तेव्हा म्हटलं आता लाज बास झाली.

वय ६१. शुगर १६ वर्षांपासून आहे, त्यात लिंगाला ताठरपणा येईना. त्यासाठी गोळ्या घेतल्या, सुरुवातीला लागू पडायच्या नंतर बंद झालं, मग इंजेक्शन पण करून बघितलं. म्हणजे मी हौस म्हणून उठून लिंगात इम्प्लांट बसवायच्या ऑपरेशनला गेलेलो नाही, हे आधीच सांगतो कारण लोक लगेच म्हणतात या वयात कशाला हवंय. साठीनंतर बायकोशी नवऱ्यासारखं राहावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही.

क्लिनिक पुण्यातलं. नाव लिहीत नाही, केस चालू आहे. मोबाईलवर जाहिरात दिसली, फोन केला तर अर्ध्या तासात उलट फोन, "काका काळजीच करू नका". (अशा आजारांच्या उपचाराच्या जाहिराती करायला १९५४ पासून कायद्याने बंदी आहे हे मला नंतर वकिलाने सांगितलं. जाहिरात दिसली तिथंच ओळखा.) गेल्यावर काउन्सिलर मॅडमनी पाऊण तास बसवून समजावलं. डॉक्टर? डॉक्टर मोजून पाच मिनिटं.

मॅडमनी टेबलावर मॉडेल ठेवलं. प्रकार दोन सांगितले. एक साधं, वाकवता येणाऱ्या दोन कांड्या, त्या कायम ताठच राहतात, हाताने वर करायच्या आणि खाली वाकवायच्या. दुसरं तीन पीसचं पंपवालं, आत दोन सिलिंडर, अंडकोषाच्या पिशवीत छोटा पंप, पोटात सलाइनची टाकी, पंप दाबला की भरतं नाहीतर मोकळं असतं. मी रोज सकाळी पोहायला जातो, चारचौघांत कपडे बदलायचे असतात, त्यामुळे पंपवालंच पाहिजे असं मी स्पष्ट सांगितलं. "एकदम लेटेस्ट टेक्नॉलॉजी, इम्पोर्टेड," मॅडम म्हणाल्या. लेटेस्ट कसलं, फुगवता येणारं इम्प्लांट १९७३ पासून आहे!

पॅकेज ४,८५,०००. त्यातले ५१,००० बुकिंगला मोबाईलवरून दिले. २,४४,००० चेकने. आणि १,९०,००० रोख, "दोन लाखाच्या आत ठेवा काका, म्हणजे तुम्हालाही प्रॉब्लेम नाही". रोखीची पावती नाही. तपासण्यांचे १४,३०० आणि औषधांचे ११,८६० वेगळे. सगळे पैसे रिटायरमेंटचे. मूर्ख होतो का मी? नाही. मोठं क्लिनिक, भिंतीवर डिग्र्या, एसी, फाइलवर नाव छापलेलं, अशा ठिकाणी पावतीसाठी भांडायला जीभ उचलत नाही, आणि तेही या आजारासाठी गेलेल्या माणसाची.

आता तो क्षण सांगतो ज्याची आठवण आली की अजून रात्री झोप लागत नाही. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी रूमवर संमतीचा फॉर्म आणला. त्यात इम्प्लांटचा प्रकार लिहायची जागा कोरी. कंपनीचं नाव कोरं. मी बघितलं, वाचलं, आणि सही केली. आमची ही शेजारीच उभी होती. ती मिक्सर घेतला तरी वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का मारून घेतल्याशिवाय उठत नाही. ती म्हणाली, "अहो, ते जे बसवणार आहेत त्याचा बॉक्स तरी बघायला मागा." आणि मी तिला म्हटलं, "गप बस, इथं तमाशा नको." नर्स समोर होती म्हणून. एका बाईसमोर त्या वस्तूचा बॉक्स मागायचा म्हणजे कसं, एवढंच डोक्यात. चार लाख पंच्याऐंशी हजार त्या एका वाक्यात गेले.

स्टिकर मागा!! कुठलंही इम्प्लांट असो, पॅकेटमध्ये कंपनी, मॉडेल, नंबर असलेले स्टिकर असतात, ते तुमच्या केसपेपरवर चिकटवलेच पाहिजेत. माझ्या डिस्चार्ज कार्डावर फक्त "पेनाइल प्रोस्थेसिस" एवढे दोन शब्द आहेत.

ऑपरेशननंतर सूज होती, दुखत होतं, काही कळत नव्हतं. मी विचारलं पंप कुठाय, तर म्हणे सूज उतरली की हाताला लागेल, सहा आठवड्यांनी अॅक्टिव्हेट करतात. यातलं अर्धं खरं आहे, बरं का. पंपवालं इम्प्लांट काही आठवडे थांबूनच वापरायला काढतात. खऱ्या गोष्टीत खोटं कालवलं की माणूस कसा ओळखणार? सहा आठवडे झाले, मग म्हणे शुगरमुळे अजून दोन आठवडे. मग डॉक्टर परदेशात. मग मॅडमचा फोन लागेना. आणि हे सगळं चालू असताना ते कायम ताठच, पँट घातली तरी जाणवायचं, पोहणं बंद, नातू मांडीवर बसायला आला तर मी उठून जायचो.

शेवटी दुसऱ्या युरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी हाताने तपासलं, एक मिनिट लागलं नसेल. "पंप नाहीये हो. साध्या कांड्या आहेत." सोनोग्राफी केली, पोटात टाकी पण नाही. त्यांच्याकडे हेच ऑपरेशन सगळं धरून १,३५,००० ला झालं असतं. म्हणजे सरळ ३,५०,००० चा फरक.

या डॉक्टरांनी जे प्रश्न विचारले ते आधी कुणी विचारले असते तर... बोटांत ताकद किती, पंप दाबता येईल का, मॉडेल माझ्याच हातात दिलं आणि दाबायला लावलं. पोटाचं आधी काही ऑपरेशन? (माझं हर्नियाचं झालंय २०११ ला, त्याने टाकी कुठे बसवायची त्यात फरक पडतो, तिथं कुणी विचारलंच नव्हतं.) बायकोला आत बोलावलं. शुगरचा तीन महिन्यांचा रिपोर्ट, माझा तेव्हा ८.९ होता, ते म्हणाले मी असतो तर आधी शुगर खाली आणायला लावली असती, कारण इन्फेक्शन झालं तर सगळं काढावं लागतं. आणि हे पण सांगितलं की साधं इम्प्लांट म्हणजे वाईट नव्हे, त्यात बिघडायला फारसं काही नसतं, स्वस्त पडतं, ज्यांची बोटं चालत नाहीत त्यांना तर तेच बरं. मला नीट समजावून साधं बसवलं असतं तर मी कदाचित हो पण म्हटलं असतं! मला वस्तूचा राग नाही. पेटीत वर चार देवगड हापूस आणि खाली कर्नाटकी, याचा राग आहे. आणि आंबा फेकून देता येतो. हे एकदा बसवलं की आतली नैसर्गिक रचना जाते, पुन्हा गोळीवर परत येता येत नाही, हे तर पहिल्या ठिकाणी कुणी बोललंच नाही. म्हणून प्रकार ठरवताना समोर सर्जन पाहिजे, काउन्सिलर नाही.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस स्टेशनला गेलो तर टेबलाशी सहा माणसं, सगळ्यांसमोर "काका, कसलं ऑपरेशन, मोठ्याने सांगा". तीन वेळा तीन जणांना सांगितलं. एक पोरगा, माझ्या मुलाच्या वयाचा, तोंड फिरवून हसला. साहेब म्हणाले सिव्हिल मॅटर आहे. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणे डॉक्टरवर गुन्हा घ्यायला तज्ज्ञांचं मत लागतं, सुप्रीम कोर्टाचा २००५ चा निकाल आहे. अहो, तो निष्काळजीपणाचा! ऑपरेशन चुकलं असं मी म्हणतच नाहीये, एक वस्तू दाखवून दुसरी विकली, ही सरळ फसवणूक आहे, नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेत, कलम ३१८ आहे. अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडेना. डॉक्टरांच्या तक्रारी घेतात त्या ऑफिसला गेलो, तिथं प्रतिज्ञापत्र आणा, मग संच कमी आहेत, मग इम्प्लांटचा तपशील द्या. तपशील नाही हीच तर तक्रार आहे! औषधवाल्या खात्यात म्हणाले वस्तू बनावट असेल तर या. प्रत्येक ठिकाणी बाहेर बाकावर दोन तास, आणि आत गेलं की पहिला प्रश्न "वय काय तुमचं?"

केसपेपर मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचा नियम आहे. मला ४१ दिवसांनी मिळाले, तेही वकिलाची नोटीस गेल्यावर. मधे क्लिनिकचा माणूस घरी येऊन ४०,००० देतो म्हणाला, "तक्रार नाही" असं लिहून द्या. दिलं नाही.

ग्राहक आयोगात केस टाकलीये. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत टाकावी लागते, लाजेत वेळ घालवू नका. सगळ्यात अडतंय ते रोख १,९०,००० वर, समोरचा वकील म्हणतो घेतलेच नाहीत. त्या दिवशी बँकेतून काढल्याची पासबुकावर नोंद आहे आणि मॅडमचा "दोन लाखाच्या आत" असा मेसेज हिने माझ्या फोनमधून डिलीट करू दिला नव्हता, तेवढंच आहे हातात. पुढची तारीख अठरा तारखेची आहे, आम्ही दोघं जाणार आहोत.