चौदा महिने क्लास केला, आणि मग पार्किंगमध्ये ती दोन मिनिटं आली

बरेच दिवस लिहायचं म्हणत होते, आज ऑफ आहे म्हणून बसले. लांब होणार आहे पण ज्या बायका सेल्फ डिफेन्सचा क्लास लावायचा विचार करतायत, किंवा मुलीला घालायचा विचार करतायत, त्यांनी पूर्ण वाचा प्लीज. मला हे सगळं आधी कुणी सांगितलं असतं तर माझे निदान सहा महिने वाचले असते.

माझं वय ४१, गोव्यात कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, घर डिचोलीला. सेकंड शिफ्ट असली की निघेपर्यंत साडेअकरा होतात, मग स्कूटरने म्हापसा, अस्नोडा करत घरी. एका रात्री म्हापसा सोडल्यावर एक बाईक माझ्या मागे लागली, मी स्लो झाले की ती स्लो, मी वाढवली की ती वाढवायची. अस्नोड्याला एका दुकानासमोर चार माणसं दिसली तिथे थांबले तेव्हा ती सरळ निघून गेली. झालं काहीच नाही, पण पुढचे दोन आठवडे त्या रस्त्याला लागलं की हँडलवर हात घामाने सटकायचे. तेव्हा ठरवलं की काहीतरी शिकायचंच.

पहिले सहा महिने कराटे. म्हापशात, सकाळी, आठवड्याला तीन दिवस, फी १२०० आणि ड्रेसचे १८०० वेगळे. सर मनापासून शिकवणारे, शिस्त चांगली, बायकांशी वागणं एकदम व्यवस्थित, हे आधी सांगते. दोन महिन्यांत दम वाढला, पाठदुखी गेली, झोप लागायला लागली. फुनाकोशी या कराटेच्या गुरूंनी १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला जाऊन कराटेचं प्रात्यक्षिक दिलं आणि तिथून पुढे ते जपानच्या कॉलेजांत पसरलं हे सगळं सरांनीच सांगितलेलं. आम्ही रांगेत उभं राहून इची, नी, सान (जपानीत एक, दोन, तीन) म्हणत हवेत पंच मारायचो आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. हवेत मारून मारून माझा खांदा मोकळा झाला. पण हवा उलटून मारत नाही हे डोक्यात यायला मला वेळ लागला.

ते कसं आलं ते सांगते. क्लासमध्ये मनगट सोडवायचा एक प्रकार असतो, समोरच्याने मनगट धरलं की त्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात फिरवून झटका द्यायचा, कारण चार बोटांपेक्षा अंगठा कमजोर. मला तो अगदी सफाईने यायचा. घरी माझा पुतण्या आहे, १९ वर्षांचा, फुटबॉल खेळतो. एका रविवारी त्याला म्हटलं धर रे माझं मनगट. त्याने धरलं, मी फिरवलं, सुटलं. मग त्याने विचारलं, काकी, खरोखर धरू का? धर म्हटलं. त्याने धरलं आणि मी काही करायच्या आधी मला ओढायलाच लागला, हॉलमधून ओढत व्हरांड्यापर्यंत नेलं, माझी चप्पल एक इथे एक तिथे, आणि मी अंगठ्याची बाजू शोधतेय. पायच जमिनीवर ठरत नव्हते तर हात कुठून फिरवणार? बरं त्याचा दुसरा हात मोकळाच होता, तो त्याने वापरलासुद्धा नाही. मनगटावर चार बोटांचे वळ दोन दिवस होते आणि तो बिचारा सारखा विचारत होता काकी दुखतं का.

त्या दिवशी मला जे समजलं ते सहा महिन्यांत समजलं नव्हतं. कुणी बाईचं मनगट धरून तिथेच उभा राहत नाही. तो धरतो ते तिला कुठेतरी न्यायला, गाडीत घालायला, भिंतीकडे ढकलायला. क्लासमध्ये माझी पार्टनर मनगट धरून माझ्या झटक्याची वाट बघत उभी राहायची आणि मी हात फिरवला की तिची बोटं आपोआप सैल व्हायची. तिची काही चूक नाही, मीसुद्धा तिच्यासाठी तेच करत होते, आम्हाला कुणी जोर लावा असं सांगितलंच नव्हतं.

मग मी ज्युडोला गेले. पार्किंगच्या त्या रात्रीपर्यंत मला तिथे आठ महिने झाले होते. इथे पहिल्या दिवसापासून फरक जाणवला, कारण समोरची खरंच पाडायला बघते आणि मी खरंच पडायचं नाही म्हणून धडपडते. याला रँडोरी म्हणतात. ज्युडो सुरू करणाऱ्या कानो जिगोरोंनी १८८२ मध्ये कोडोकान ही आपली शाळा काढली तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले जास्त धोक्याचे डाव सरावातून बाजूला ठेवले आणि उरलेले पूर्ण ताकदीने करायला लावले, आणि मला वाटतं सगळं मर्म तिथेच आहे. डोळ्यात बोट घालायचा डाव पूर्ण जोराने कुणावर सराव करणार? नाहीच करू शकत. म्हणून तो डाव कागदावरच राहतो. साधा धक्का, साधी पकड, साधं पाय लावून पाडणं हे मात्र हजार वेळा खऱ्या विरोधासमोर करता येतं आणि ते अंगात उतरतं. पहिल्या महिन्यात माझ्यापेक्षा वीस किलो जड मुलगी माझ्या छातीवर बसली तेव्हा श्वास अडकला आणि मला रडू आलं. आता तेवढंच वजन अंगावर आलं तर मी आधी हनुवटी खाली घेते, कुशीवर वळते, आणि श्वास चालू ठेवते. हे शिकायला आठ महिने लागले आणि ते मला महाग वाटत नाही. पावसात पेडेच्या उतारावर स्कूटर घसरली तेव्हासुद्धा डोकं आपटलं नाही, कोपर तेवढं सोललं.

मधे दोन दिवसांची क्राव मागाची (इस्रायली सेल्फ डिफेन्सचा प्रकार) वर्कशॉप पण केली, २५०० रुपये. यातल्या बऱ्याच गोष्टी चांगल्या होत्या, पण चाकूवाला भाग मला काळजीचा वाटतो. रबरी चाकू, समोरचा एकच वार करतो, हात पुढे करून थांबतो, आपण हात पकडून पिरगळायचा, सगळे टाळ्या वाजवतात. घरी येऊन पुन्हा पुतण्याला बसवलं, म्हणजे उभं केलं. मी जुना पांढरा टीशर्ट घातला आणि त्याला लाल मार्कर दिला, म्हटलं थांबायचं नाही, टोचत राहायचं. पंधरा सेकंद. आरशात पाहिलं तर दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत रेघा, पोटावर पाच-सहा, आणि कानाखाली मानेवर एक ठळक रेघ. एकदाही माझ्या हाताला त्याचा हात लागला नाही असं नाही, दोनदा लागला, पण तो मागे ओढून परत यायचा. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलिसाने मोजलं होतं की चाकूवाला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात पार करतो, तेही समोरच्या पोलिसाकडे पिस्तूल असताना काय होतं हे बघायला. २१ फूट म्हणजे आमच्या लॉबीच्या दारापासून काउंटरपर्यंत. माझ्याकडे पिस्तूल नाही. दोन दिवसांच्या शिकवणीवर एखादी मुलगी चाकूवाल्याचा हात पकडायला जाईल या विचाराने मला खरंच झोप लागत नाही. पर्स मागत असेल तर द्या, लांब फेका आणि उलट्या दिशेला पळा.

आता ती दोन मिनिटं. डिसेंबर, सीझन, रात्रीचे पावणेबारा. आमच्याकडे माल घेऊन येणाऱ्या एका सप्लायरचा ड्रायव्हर, तीन वर्षं ओळखीचा, रोज हसून बोलणारा. मी स्टाफ पार्किंगमध्ये स्कूटरकडे जात होते आणि तो माझ्या आणि स्कूटरच्या मधे येऊन उभा राहिला. 'बाय, एक मिनूट राव, उलोवपाचें आसा.' म्हणजे कोकणीत, बाई, एक मिनिट थांब, बोलायचंय. दारूचा वास येत होता. मी थांबले. हा भाग मला सगळ्यात जास्त सांगायचा आहे, मी थांबले, कारण ओळखीचा होता आणि ओळखीच्या माणसाने थांब म्हटलं की आपण थांबतो, तसंच वाढवलंय आपल्याला. चौदा महिन्यांत कुठल्याच क्लासमध्ये हल्ला 'एक मिनिट राव' म्हणून सुरू झाला नव्हता. तिथे हल्ला करणारा समोरून ओरडत यायचा, आपण आधीच स्टान्समध्ये असायचो. आणि एनसीआरबीचे, म्हणजे देशातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतायत की बलात्काराच्या ९० टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. मग सराव कुणाविरुद्ध करतोय आपण?

तो बोलत बोलत पुढे येत होता, मी मागे. पार्किंगमधला जनरेटर चालू होता, त्याचा आवाज मला यायचा बंद झाला हे मला नंतर आठवलं. नजर फक्त त्याच्या शर्टच्या खिशावर, खिशातल्या निळ्या पेनवर. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझे दोन्ही हात वर आले, तळवे त्याच्या दिशेने, आणि मी ओरडले 'फाटीं सर!', मागे सर. क्लासमध्ये आम्ही 'नो, बॅक ऑफ' असं ओरडायचो, ते आठवलंच नाही, तोंडातून जे लहानपणापासून ओरडत आलो तेच बाहेर आलं. त्याने ढकललं. मी दोन पावलं मागे गेले पण पडले नाही, आणि ते न पडणं ज्युडोचं होतं, त्यात शंका नाही. मग मी वळून पळाले, स्कूटरकडे नाही, हॉटेलच्या मागच्या दाराकडे, जिथे किचनची पोरं भांडी आवरत होती. संपलं. एकही पंच नाही, एकही थ्रो नाही.

आत गेल्यावर पाण्याचा ग्लास तोंडापर्यंत नेता येईना, फोनचा पॅटर्न तीनदा चुकला. नंतर मी एमर्जन्सी सेटिंग लावून घेतलंय, माझ्या फोनमध्ये पॉवरचं बटण पटापट पाच वेळा दाबलं की कॉल जातो. ११२ हा मदतीचा नंबर लक्षात असून उपयोग नाही, बोटं चालायला पाहिजेत.

आणि मग जे सुरू झालं ते मला मारामारीपेक्षा कठीण गेलं. शिफ्टवरच्या वरिष्ठांनी म्हटलं सीझन आहे, वाढवू नको, दारू प्यायला होता. घरी सासूबाई म्हणाल्या एवढ्या रात्रीची शिफ्टच कशाला. मला वाटायला लागलं की मी थांबलेच का, माझंच चुकलं. माझी वहिनी वकील आहे, तिने दुसऱ्या दिवशी बसवून लिहून घेतलं सगळं, वेळ, जागा, कोण होतं, काय बोलला. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्याखाली दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते, तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची, आणि बाहेरून येणाऱ्या माणसांपासूनही बायकांना सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, हे मला तिने सांगेपर्यंत माहीत नव्हतं. तक्रार दिली. तो आता आमच्याकडे येत नाही. पार्किंगमध्ये दोन लाइट लागलेत.

तिनेच स्वसंरक्षणाचा कायदा पण समजावला. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यात कलम ३४ ते ४४ मध्ये हे आहे. पहिला फटका खाईपर्यंत थांबायला लागत नाही, धोका खरा वाटण्याइतकं कारण असलं की हक्क सुरू होतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि तो पळायला लागल्यावर मागे धावून मारलं तर ते संरक्षण राहत नाही. हे मी पुतण्याला जास्त सांगते, कारण त्याच्या वयाच्या पोरांचं वेगळंच असतं, मॅच झाल्यावर, जत्रेत, बारबाहेर, 'कितें पळयता रे' (काय बघतोस रे) पासून सुरुवात होते आणि सगळे मित्र बघत असतात म्हणून कुणी मागे सरत नाही. एक ठोसा बसतो, माणूस सरळ मागे पडतो, डोकं रस्त्यावर आपटतं आणि तो जातो, असं होऊ शकतं. ठोसा मारणाऱ्याचं आयुष्य पण तिथेच संपतं. त्याला मी म्हटलं तुझ्यासाठी सेल्फ डिफेन्स म्हणजे तिथून निघून येणं, आणि त्याने माझं ऐकावं अशी माझी फार इच्छा आहे.

तर क्लास लावू का असं विचाराल तर लावा. पण बघायला जाल तेव्हा हे बघा की तिथे कुणी खरंच जोर लावून विरोध करतंय का, आठवड्यातून एकदा तरी. ओरडायचा सराव आहे का, आणि तो कोकणीत, मराठीत, ज्या भाषेत घाबरल्यावर तोंड उघडतं त्या भाषेत आहे का. पंधरा दिवसांत निर्भय करू म्हणणाऱ्यांकडे पैसे घालू नका. आणि कराटे वाईट असं माझं म्हणणं नाही, सातत्य मला तिथेच लागलं, फक्त त्या सहा महिन्यांत मला जी खात्री वाटायला लागली होती ती माझ्या अंगातल्या ताकदीपेक्षा खूप मोठी होती आणि तेच धोक्याचं होतं.

ज्युडोची फी पुढच्या तीन महिन्यांची भरली आहे. सरांना मी पार्किंगची सगळी गोष्ट सांगितली, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मॅट गुंडाळून ठेवूया. आता त्या दिवशी आम्ही सगळ्या कामाच्या कपड्यांत येतो, खांद्याला पर्स, पायात चपला, बाहेर सिमेंटवर उभ्या राहतो. एकजण हसत हसत जवळ येते आणि म्हणते, 'बाय, एक मिनूट राव.' आणि आम्ही न थांबण्याचा सराव करतो. पहिल्या शनिवारी अकरापैकी नऊजणी थांबल्या.