नेंद्रन सांगून जी-नाइन गळ्यात मारलं

५४,१०० रुपये गेले माझे. केरळी वेफर्सच्या नेंद्रन केळीची म्हणून घेतलेली ८०० रोपं (निघाली ती बाजारात नेहमी मिळणाऱ्या जी-नाइन केळीची), नगाला ४२ प्रमाणे ३३,६००, ‘खरेदी हमी’ची अनामत १५,०००, टेम्पोचे ५,५००. खत, ठिबक, मजुरी यात धरलेलीच नाही.

राहायला बोरिवलीत, वडिलोपार्जित वाडी वसईत. तिकडे राजेळी आणि वेलची केळी पिढ्यान्‌पिढ्या लावतात, राजेळीच्या सुकेळ्यांबद्दल (सुकवलेल्या केळ्यांबद्दल) वेगळं सांगायला नको. मामा म्हणतच होते, राजेळीच लाव. पण माटुंग्याला टांगलेले नेंद्रनचे घड आणि केरळी वेफर्सचा भाव येताजाता बघणाऱ्याला मोह पडला तर त्यात वेडेपणा काय? रोपं विकणारेच पुढे पीक विकत घेणार होते: हमीभाव किलोला ३६, माल वाडीतून उचलणार, रोपं टिशू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली. असल्या योजना एकाच साच्यातून निघतात.

माझी झोप उडवतं ते त्यांचं रंगीत पत्रक. ‘घडाचं वजन ३० किलो’ असं त्यावर ठळक छापलं होतं. अरे, नेंद्रनचा घड दहा-पंधरा किलोचा, पाच-सहा फण्यांचा! ३० किलो हा जी-नाइनचा आकडा. तो कागद आमच्या फ्रिजवर चिकटवलेला होता, दूध काढताना रोज समोर यायचा. रोपं उतरवली तेव्हा कोवळ्या पानांवर तांबूस ठिपकेही होते, तसे जी-नाइनच्या टिशू कल्चर रोपांवर दिसतात. विचारलं तर माणूस म्हणाला, “साहेब, ऊन लागलंय थोडं.” बँकेत नोकरी करणाऱ्याने वीतभर रोपावरून जात ओळखायची कशी, सांगा. वाण निवडायचा तर आधी घडाचं वजन आणि फण्या विचारा, भाव नंतर.

वाडी निसवली, म्हणजे घड बाहेर पडले, तेव्हा शेजारी अभिनंदन करून गेले. दहा-दहा फण्या! एक कच्ची फणी घेऊन माटुंग्याला गेलो. वेफरवाल्याने केळं आडवं कापून समोर धरलं. आत पांढरं. नेंद्रनचा गर पिवळसर असतो, तळल्यावर तो रंग येतो, त्याचेच पैसे मिळतात. माल शेवटी ९ रुपये किलोने व्यापाऱ्याला घातला. हमीवाल्यांचा फोन तोवर बंद.

मग सुरू झाली सरकारी वारी. इथलं पोलीस ठाणं म्हणतं, शेत वसईत, तिकडे जा. तिकडचं म्हणतं, पैसे मुंबईतून गेले, तिकडे जा. दोन्हीकडे एका वाक्यावर मात्र एकमत, “हा दिवाणी वाद आहे.” फसवणूक करणाऱ्याचा पत्ता, खाते क्रमांक, पत्रक, सगळं हातात दिलं तरी दिवाणी! कृषी कार्यालयात साहेबांनी पावती उलटीसुलटी केली. ‘केळी रोपे, ८०० नग.’ “यात नेंद्रन कुठंय?” असं विचारून ते चहाला गेले. फळझाडांच्या रोपवाटिकेला परवाना लागतो, राज्यात १९६९ पासून कायदा आहे. त्या रोपवाटिकेकडे परवाना आहे का, एवढं तपासायला काय जातं? तर म्हणे रोपवाटिका दुसऱ्या जिल्ह्यात, आमच्या अखत्यारीत नाही. पगार मात्र यांना आपल्याच करातून.

पावतीवर वाणाचं नाव लिहून घेतल्याशिवाय एक रुपया सोडू नका. टिशू कल्चर म्हणत असतील तर प्रयोगशाळेला केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या योजनेखालची मान्यता आहे का ते बघा, लॉटचं प्रमाणपत्र मागा. रोपं घेणाऱ्याकडूनच अनामत घेणारा खरेदीदार मुळात खरेदीदारच नसतो.

२०१९ च्या ग्राहक कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून आता तीच वाट धरली आहे. तिथेही समोरचा ‘व्यापारी हेतूने घेतलं, म्हणून हे ग्राहकच नाहीत’ असा आक्षेप घेणार, असं वकिलांनी आधीच बजावलंय. वाडी पोटापाण्यासाठी तुम्ही स्वतः कसता हे दाखवता आलं पाहिजे. तेव्हा सातबारा, मजुरांच्या आणि खताच्या पावत्या फेकू नका. यंदा ज्यांनी पैसे भरलेत आणि रोपं अजून आलेली नाहीत, त्यांनी टेम्पो रिकामा करण्याआधी पानं उलगडून बघावी, ठिपक्यांचे फोटो काढावेत आणि बाकीची रक्कम खिशातच ठेवावी.