तीन सिलिंडरच्या गाडीला चार भोकांचे गॅस्केट

सिग्नलला उभी असताना गाडी तापते आणि चालू लागली की काटा खाली येतो, एवढ्या एका लक्षणावर इंदूरच्या एका गॅरेजने माझ्याकडून हेड गॅस्केटच्या (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये बसणारे, प्रत्येक सिलिंडरसाठी एक मोठे भोक असलेले सील) कामाचे 22,000 रुपये घेतले. प्रत्यक्षात ते काम झालेलेच नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. उन्हाळ्यात अशा तक्रारी घेऊन गॅरेजात जाणारे पुष्कळ असतात, म्हणून हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

मे महिन्यात पलासियाच्या गर्दीत गाडी थांबली की तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकत असे. तीच गाडी ए.बी. रोडने देवासला जाताना भर दुपारीही काटा मध्यावरून हलू देत नसे. गॅरेजमध्ये मी हे दोन्ही सांगितले. तिथल्या मेकॅनिकने इंजिन तापवले, जाड फडके धरून रेडिएटरचे टोपण उघडले आणि पाणी बुडबुड्यांसह उसळताच म्हणाला, "साहब, हेड गैस्केट गया है, अब चलाओगे तो इंजन सीज़ हो जाएगा." पाहणाऱ्याला हा पुरावा बिनतोड वाटतो. वास्तविक कूलिंग सिस्टिममध्ये पाणी दाबाखाली असते आणि वातावरणापेक्षा साधारण एक बार (म्हणजे जवळपास वातावरणाच्या दाबाइतकाच आणखी) जास्त दाब असला तर ते सुमारे 120 अंशांपर्यंत उकळत नाही. टोपण उघडून तो दाब एकदम काढून घेतला की शंभराच्या वर तापलेले पाणी कोणत्याही निरोगी इंजिनातही उसळणारच. शिवाय हा प्रकार अतिशय धोक्याचा आहे, कारण त्या पाण्याने तोंड आणि हात भाजतात.

गाडी परत मिळाली तेव्हा नवे कूलंट भरलेले होते, संध्याकाळी मोकळ्या रिंग रोडवर फेरी मारून दाखवली गेली आणि काढलेले गॅस्केट म्हणून एक पिशवी डिकीत ठेवण्यात आली. पुढे भर बाजारात गाडी पुन्हा तापली. तेव्हा सुदामानगरमधल्या, आमच्या घरच्या ओळखीच्या मिस्त्रींनी आधी ए.सी. लावून बॉनेट उघडले. ए.सी. सुरू केला की बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा फिरू लागतो. इथे तो स्तब्ध होता. फ्यूज शाबूत होता, रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच) बदलूनही फरक पडला नाही, बॅटरीवरून थेट 12 व्होल्ट दिले तरी पंखा फिरेना. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटरवर हलकेच टोचा मारला आणि तो गरगरू लागला. मोटरचे कार्बन ब्रश (तिच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे तुकडे) झिजलेले होते, त्यामुळे पंखा कधी चाले, कधी अडे. धावत्या गाडीत समोरचा वाराच रेडिएटर गार ठेवतो. उभ्या गाडीत ते सगळे काम पंख्यावर येते, आणि म्हणूनच फक्त उभ्याने तापणाऱ्या गाडीचा पंखा न पाहता कोणी थेट हेड उघडायला निघाला, तर त्याच्या निदानावर विश्वास ठेवू नये.

त्यानंतर मिस्त्रींनी टॅपेट कव्हरचे, म्हणजे हेडवरच्या झाकणाचे, बोल्ट दाखवले. त्यांच्या खाचांत तेल आणि धूळ यांचा काळा थर जसाच्या तसा बसलेला होता, पाना लागल्याची एकही खूण नव्हती, आणि हे कव्हर काढल्याशिवाय माझ्या गाडीचे हेड उतरत नाही. मग पिशवी उघडली गेली. "काका, तुमची गाडी तीन सिलिंडरची आणि हे गॅस्केट चारचं," ते म्हणाले. चार मोठी भोके मी स्वतः मोजली.

हेड गॅस्केट खरोखर गेले असेल तर बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट घटत राहते, एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, ऑइल दुधाळ होते, आणि बहुधा गाडी चढावावर किंवा वेगातही तापते; ही सगळी लक्षणे एकदम दिसतीलच असे नाही. शंका असल्यास कूलंटमध्ये ज्वलनाचे वायू मिसळत आहेत का, हे दाखवणारी निळ्या द्रावणाची चाचणी करून मागावी. पेट्रोल गाडीत असे वायू असतील तर ते द्रावण पिवळे पडते. ही चाचणी आपल्यासमोर करायला जो तयार होत नाही, त्याला गाडी उघडू देऊ नये.

पंख्याची मोटर बदलून प्रश्न सुटला आणि तो खर्च पहिल्या बिलाच्या एक दशांशाच्या आसपास आला. गॅरेजने पक्के बिल दिले नव्हते, कोऱ्या कागदावर आकडा लिहून दिला होता. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 प्रमाणे बिल न देणे हीच अनुचित व्यापार प्रथा ठरते. मी ते गॅस्केट, बोल्टांचे फोटो, यूपीआयची नोंद आणि मिस्त्रींचे लेखी निवेदन जोडून आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. गॅरेजने अर्धी रक्कम परत देऊ केली, ती मी नाकारली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. मात्र तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते.