जुन्या 407 वर प्रेशर ब्लीडर: हंगामभर वापरल्यावर

ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा दाबानं बाहेर काढायचं (गॅरेजच्या भाषेत ‘एअर काढायचं’) हे उपकरण. दोन लिटरची टाकी म्हणजे बाटली, वर हातपंप, एक छोटं प्रेशर मीटर आणि ब्रेक ऑइलच्या डब्यावर बसणारं आट्यांचं झाकण, एवढंच. गाडी जुनी टाटा 407, छोटा ट्रक: चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर. स्ट्रॉबेरीच्या हंगामापासून पाऊस ओसरेपर्यंत वाई-पाचगणी पट्ट्यात वापरून झालंय. दोन माणसांचं काम एकट्यानं होतं, हे खरं. पण पॅडल खाली गेलं की लगेच एअर काढायला बसू नका.

आधी शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग, बघा. त्यांच्यावरचा लायनर झिजला की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं, पॅडल तळाला जातं आणि मंडळी चाकामागचा हवा काढायचा निपल सोडत बसतात. दोन-तीनदा झटपट दाबल्यावर पॅडल वर येऊन टणक थांबलं, तर शूचा ॲडजस्टर फिरवा: चाक जाम होईपर्यंत आवळायचा, मग हलकं घासत फिरेल इतका सैल करायचा. वर येऊनही लिबलिबीत लागलं तर मात्र हवा आहे. पाय दाबून धरल्यावर पॅडल हळूहळू बसत गेलं आणि बाहेर कुठे ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरचे (पॅडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा) कप, म्हणजे आतले रबरी सील, गेलेत. कितीही एअर काढा, फरक पडणार नाही. ऑइल कमी होतंय पण चाकं कोरडी? मास्टरचे नट काढून तो बूस्टरपासून जरा पुढे ओढा. मागच्या सीलमधून आत गळत असेल तर तिथे ओल दिसते. चाकातल्या व्हील सिलिंडरची (शू ढकलणारा) गळती मात्र रबरी बूट उचलल्याशिवाय कळत नाही.

जुन्या गाडीत या बाटलीचा मोठा फायदा वेगळाच आहे. पॅडल मारून एअर काढताना ते पार खाली जातं. एरवी कप जिथे पोहोचतच नाहीत, तिथे बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंज आणि गाळ धरलेला असतो. कपाची कड त्यावर घासून फाटते. ‘काल एअर काढली आणि आज मास्टर गेला’ ही गॅरेजातली तक्रार बऱ्याचदा इथूनच येते. बाटलीनं काम करताना पॅडलला पाय लावावाच लागत नाही. बाटली नसेल तर पॅडलखाली लाकडी ठोकळा ठेवा.

चाकांना उटी, म्हणजे अडसराचे ठोकळे, लावा. डब्याचं तोंड पुसून मगच झाकण उघडा. बाटलीत लिटरभर ऑइल हळू ओता. हलवलं तर बारीक फेस होतो आणि तोच नळीतून जातो. दाब 10 ते 15 पीएसआय, त्याच्या वर नाही, नाहीतर डब्याखालची जुनी रबरं गळायला लागतात. दाब भरून निपल न सोडता पाच मिनिटं थांबा. काटा उतरला तर झाकण, डबा किंवा पाइप कुठेतरी गळतोय. उजव्या स्टेअरिंगच्या या गाडीत मास्टरपासून लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलवर पारदर्शक नळी, तिचं टोक वेगळ्या बाटलीतल्या ऑइलात बुडलेलं. पाव आटा सोडा. आधी काळपट येतं, मग बुडबुडे, मग स्वच्छ. मागच्या ॲक्सलला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (वजनानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) असेल तर चेसिस उचलून ॲक्सल लोंबता ठेवू नका; व्हॉल्व्ह मागची वाट आवळतो आणि ऑइल नीट येत नाही.

निपलला रिंग पानाच लावा. जाम असेल तर डोक्यावर हलके ठोके देऊन मग फिरवा. तुटला तर बहुतेक वेळा व्हील सिलिंडरच बदलावा लागतो.

पसरणी घाटात माल भरून उतरणाऱ्यांनी ऑइलकडे दुर्लक्ष करू नये. डॉट 3 या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनांक कोरडा असताना 205 अंश, पाणी शोषल्यावर 140. डॉट 4 चा 230 आणि 155. ड्रम तापले की ओलं ऑइल उकळतं, वाफ दबते आणि पॅडल मऊ पडतं. थंड झाल्यावर पुन्हा ठीक, म्हणून दोष सापडत नाही. महाबळेश्वरच्या पावसात फिरणाऱ्या गाडीचं ऑइल दर वर्षी बदलणं बरं. डॉट 3 आणि 4 एकमेकांत चालतात. सिलिकॉनचं डॉट 5 अजिबात नाही. कप डिझेलनं किंवा पेट्रोलनं धुऊ नका. रबर फुगतं, मास्टरची परतीची बारीक वाट बंद होते आणि ब्रेक धरून राहतात.

उपकरणातले दोष सांगतो. सोबतचा झाकणाचा वायसर काही आठवड्यांतच चपटा झाला. जाड ओ-रिंग बसवल्यावर दाब टिकला. मीटरचा काटा शून्यावर परत येत नाही. नळीचे क्लिप तकलादू, ते बदलून घ्या. काम संपल्यावर आधी दाब सोडा, मगच झाकण काढा. ऑइल उडून रंगावर पडलं तर लगेच पाण्यानं धुवा. बाटलीत उरलेलं ऑइल पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, ते ओल धरतं.

पॅडल मऊ नसून दगडासारखं कडक असेल तर ही बाटली बाजूला ठेवा. इंजिन बंद करून पाच-सहा वेळा पॅडल मारा, पाय दाबून ठेवून स्टार्टर द्या. पॅडल थोडं खाली सरकलं नाही, तर व्हॅक्यूम पंप, त्याचा पाइप आणि चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेला जाऊ देणारा) तपासा. तिघं ठीक असतील तरच बूस्टर उघडा.